बंद डब्यातली गळती

 

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे एकच प्रश्न चार-पाच गावांतून आला. मोबाईलवर एक निरोप फिरतोय. आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात पृथ्वीजवळून 'कॉस्मिक किरण' जाणार आहेत, मोबाईल बंद करा, अंगाजवळ ठेवू नका, शरीराला अपाय होईल. खाली परदेशातल्या एका मोठ्या संस्थेचं नाव आणि शेवटी 'सगळ्या आप्तांना पाठवा'. हा निरोप नवा नाही बरं. गेली कित्येक वर्षं तो असाच फिरतोय, वेगवेगळ्या भाषांत. त्यात तारीख कधीच नसते, नुसतं 'आज रात्री' असतं. म्हणून तो कधी शिळा होत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत काळजी नको. मोबाईल बंद करायची काही गरज नाही. उलट घरात दिवस भरलेली लेकसून असेल, म्हातारं माणूस आजारी असेल, तर रात्री साडेबारा ते साडेतीन हीच वेळ १०८ ला फोन लावायची असू शकते. त्या वेळी सगळ्या वाडीचे फोन बंद असले तर अपाय होईल तो त्यामुळे.

पण 'खोटं आहे' एवढं सांगून आम्ही उठलो तर तुमचं समाधान होणार नाही, आणि ते पुरतं खरंही नाही. कारण निरोप खोटा असला तरी ते किरण खरे आहेत. मराठीत त्यांना विश्वकिरण म्हणतात. आणि ते आज रात्री साडेबाराला येणार नाहीत, ते आत्ता येताहेत. तुमचा तळहात आडवा धरा, पोळी घ्यायला धरतो तसा. साधारण दर सेकंदाला एक असा त्यांचा कण त्या तळहातातून आरपार जातो. आपण जन्मलो तेव्हापासून जातोय, आपल्या आजीच्या पणजीच्या हातातूनही जात होता. कुणाला कळलं नाही. मग कळलं कसं? तीच गोष्ट आज सांगायची आहे. ती गोष्ट सुरू होते एका हिशेबापासून, जो काही केल्या जुळत नव्हता.

थंडीच्या दिवसांत प्लास्टिकच्या कंगव्याने केस विंचरले आणि तो कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून चिकटतात, हे आपण सगळ्यांनी केलंय. कंगव्यावर वीज साठते, अगदी थोडीशी. अशी साठलेली वीज ओळखायचं एक साधं यंत्र पूर्वीपासून होतं. काचेच्या बंद बरणीत एक धातूची दांडी, दांडीच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पातळ पानं. मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात ना, तसाच, पण सोन्याचा. दांडीला वीज दिली की दोन्ही पानं एकमेकांपासून लांब होतात, कारण दोघांवर एकाच जातीची वीज असते आणि ती एकमेकींना ढकलते. वीज निघून गेली की पानं परत मिटतात.

आता बरणी घट्ट बंद आहे, दांडी नीट बसवली आहे, वीज बाहेर जायला वाट नाही, तर पानं उघडीच राहायला हवीत. पण ती राहात नसत. हळूहळू, तासांमागून तास, मिटत जात. फ्रान्समधल्या कुलोंब नावाच्या शास्त्रज्ञाने १७८५ सालीच ही गळती नोंदवून ठेवली होती. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी ती पाहिली आणि सोडून दिली. दांडी नीट बसली नसेल, हवेत दमट असेल, काच मळली असेल.

आपल्या गटाच्या वहीत दर महिन्याला तेवीस रुपये कमी येत असतील तर पहिल्या महिन्यात आपण म्हणतो, मोजण्यात चूक. दुसऱ्या महिन्यात म्हणतो, सुट्ट्याची गडबड. पण दर महिन्याला तेवढेच तेवीस कमी आले, तर ती चूक नसते. कुणीतरी किंवा काहीतरी ते नेत असतं. शास्त्रज्ञांच्या बरणीत नेमकं हेच चाललं होतं. बरणी कितीही पुसा, कितीही घट्ट करा, गळती तेवढीच.

१८९६ साली हेन्री बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारातून आपोआप बाहेर पडणारे अदृश्य किरण सापडले. दोन वर्षांनी मारी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधलं. असे किरण हवेतून गेले की हवेच्या कणांची फाटाफूट होते, त्यातून विजेचे बारीक तुकडे सुटतात आणि बरणीतली वीज त्यांच्यावाटे निघून जाते. सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. मातीत, खडकात थोडंफार युरेनियम-रेडियम असतंच. जमिनीतून किरण येतात, बरणीत शिरतात, पानं मिटतात. शंका संपली.

सी. टी. आर. विल्सन यांच्या मनात त्याच काळात वेगळाच विचार आला होता, की हे किरण पृथ्वीच्या बाहेरून तर येत नसतील? आपलं यंत्र घेऊन ते रात्री स्कॉटलंडमधल्या रेल्वेच्या बोगद्यात गेले. वर डोंगराएवढं छप्पर, म्हणजे बाहेरून येणारं काही असेल तर आत कमी व्हायला हवं. कमी झालं नाही, म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला. बोगद्याच्या खडकातूनही किरण सुटतात, आणि वरून जे अडलं त्याची भर बाजूच्या भिंतींनी केली असणार. विचार बरोबर होता, जागा चुकली.

'जमिनीतून येतात' हे खरं असेल तर ते तपासायची एक सोपी रीत आहे. चुलीपासून लांब गेलं की धग कमी लागते. मग जमिनीपासून उंच गेलं की हे किरण कमी व्हायला हवेत. तेओडोर वुल्फ नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू होते, नेदरलँड्समध्ये पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी या यंत्राचं दणकट, कुठेही उचलून नेता येईल असं रूप तयार केलं. वर्खाच्या पानांऐवजी दोन बारीक तारा, आणि त्यांच्यातलं अंतर बघायला सूक्ष्मदर्शक. १९१० साली ते हे यंत्र घेऊन पॅरिसला आयफेल टॉवरच्या टोकाला गेले, सुमारे तीनशे मीटर उंच. हिशेबाप्रमाणे ऐंशी मीटरवरच किरण निम्म्यावर यायला हवे होते आणि टोकाला जवळजवळ काहीच उरायला नको होतं. त्यांच्या मोजमापात खाली सहा आलं, तर वर साडेतीन. कमी झालं खरं, पण फारच थोडं.

म्हणजे पुन्हा हिशेब जुळेना.

इटलीतले दोमेनिको पाचिनी वर न जाता पाण्यात गेले. १९११ च्या जूनमध्ये लिव्होर्नो बंदराजवळ समुद्रात त्यांनी यंत्र बंद पेटीत घालून तीन मीटर खोल बुडवलं. पृष्ठभागावर जेवढं मोजमाप येत होतं त्याच्यापेक्षा पाण्याखाली सुमारे वीस टक्के कमी आलं. किरण फक्त जमिनीतून येत असते तर वरचं तीन मीटर पाणी त्यांना अडवायला मधे आलंच नसतं. पाचिनींनी लिहून ठेवलं की यातला चांगला मोठा भाग जमिनीशी संबंध नसलेल्या कारणामुळे आहे. माणूस मोठा नव्हता, पद मोठं नव्हतं, हवामान खात्यातली नोकरी. लेख इटालियन भाषेत छापला गेला आणि बहुतेकांनी वाचलाच नाही. आमच्या मते या सगळ्या गोष्टीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हुशार प्रयोग हाच. ना फुगा, ना मनोरा, एक होडी आणि एक पेटी.

आता फुग्याकडे येऊ, कारण जगाच्या लक्षात राहिला तो फुगाच.

व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियातल्या एका वनरक्षकाचा मुलगा, जन्म १८८३ चा. व्हिएन्नातल्या रेडियम संस्थेत काम करत होता. त्याने आधी एक शहाणपणाचं काम केलं. रेडियमचे किरण हवेतून जाताना किती अंतरावर किती कमी होतात हे त्याने स्वतः जमिनीवर नीट मोजलं, दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबला नाही. मग तो फुग्यात बसला. त्याच्या आधीही काहीजण फुग्यातून गेले होते, स्वित्झर्लंडचे गोकेल तर साडेचार हजार मीटरवर जाऊन आले होते आणि त्यांनाही अपेक्षित घट मिळाली नव्हती. पण वरच्या विरळ हवेत यंत्रं नीट चालत नसत, आकड्यांवर लोकांचा विश्वास बसत नसे. हेसने यंत्राचे डबे जाड भिंतींचे, हवाबंद करून घेतले. आणि एका वेळी एक नाही, तीन यंत्रं नेली. एकाने दगा दिला तर दुसरं साक्षीला.

१९१२ सालात तो सात वेळा वर गेला. दिवसा गेला, रात्री गेला. १७ एप्रिलला सूर्यग्रहण होतं, त्या दिवशी मुद्दाम गेला. आपल्याकडे ग्रहणात गरोदर बाईला बाहेर पडू देत नाहीत, हा गडी फुग्यात बसून वर गेला! त्याला बघायचं होतं की सूर्य झाकला गेला की किरण कमी होतात का. झाले नाहीत. रात्रीही तेवढेच. म्हणजे हे सूर्याचं मुख्य काम नव्हे.

सातवं उड्डाण ७ ऑगस्ट १९१२ चं. बोहेमियातल्या आउसिग गावाहून सकाळी सहाच्या सुमारास फुगा सुटला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. या वेळी फुग्यात हायड्रोजन भरला होता, म्हणून तो आधीपेक्षा फार उंच जाऊ शकत होता. टोपलीत तिघं होते. एक फुगा चालवणारा, एक हवामान बघणारा, आणि तीन यंत्रांच्या सूक्ष्मदर्शकांना आळीपाळीने डोळा लावून आकडे टिपणारा हेस. फुगा ५,३५० मीटरपर्यंत चढला. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्याच्या तिपटीहून जास्त. तिथे हवा इतकी विरळ की श्वास पुरत नाही, डोकं जड होतं, आकडा वाचून लिहीपर्यंत विसरतो. आणि यात खिडकी-दार काही नाही, उघडी टोपली. दुपारी बाराच्या सुमारास ते बर्लिनच्या पूर्वेला पीस्को गावाजवळ उतरले.

आकडे असे होते. जमिनीपासून थोडं वर जाईपर्यंत किरण जरा कमी झाले, कारण जमिनीतून येणारे मागे पडले. मग कमी होणं थांबलं. मग वाढायला लागले. पाच हजार मीटरवर ते जमिनीवरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट झाले होते. चुलीपासून लांब जावं आणि धग वाढत जावी, तर काय समजायचं? की दुसरी चूल वर आहे. हेसने त्याच वर्षी छापलं की फार भेदक असे किरण वरून आपल्या हवेत शिरताहेत.

लगेच कुणी मान्य केलं नाही. जर्मनीच्या वेर्नर कोलहोर्स्टर यांनी आणखी उंच जाऊन पडताळा घेतला. २८ जून १९१४ ला ते ९,३०० मीटरवर पोचले आणि किरण वाढतच गेलेले त्यांना दिसले. त्याच दिवशी साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महिन्याभरात पहिलं महायुद्ध पेटलं. फुगे लढाईला गेले. शास्त्र थांबलं.

युद्धानंतर अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन या कामात उतरले. आधी त्यांचा विश्वासच नव्हता. मग १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या वेगवेगळ्या उंचीवरच्या तळ्यांत त्यांनी यंत्रं बुडवली, जवळपास पाचिनींसारखीच, आणि त्यांचीही खात्री पटली. 'कॉस्मिक किरण' हे नाव त्यांचं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी तर पुढे जाऊन 'मिलिकन किरण' छापायला सुरुवात केली. बारसं ज्याने केलं त्याचंच मूल, असा प्रकार. युरोपातल्या लोकांनी तक्रार केली. शेवटी १९३६ साली हेस यांना नोबेल पारितोषिक मिळालं, निम्मं. उरलेलं निम्मं कार्ल अँडरसन यांना, ज्यांनी याच विश्वकिरणांत पॉझिट्रॉन हा नवा कण शोधला. पाचिनी १९३४ सालीच वारले होते.

आणखी एक गंमत. ज्यांना सगळे किरण म्हणत होते ते किरण नव्हतेच. डच शास्त्रज्ञ याकोब क्ले जावा बेटावरून हॉलंडला जहाजाने जाताना मोजमाप घेत गेले, तेव्हा विषुववृत्ताजवळ आकडा कमी आणि उत्तरेला जास्त निघाला. पृथ्वी स्वतः एक मोठं लोहचुंबक आहे. चुंबक प्रकाशाला वळवत नाही, पण विजेचा भार असलेल्या कणाला वळवतं. म्हणजे हे विजेचा भार असलेले कण होते. बहुतेक प्रोटॉन, हायड्रोजनच्या अणूचं बी म्हणा ना. काही फुटलेल्या ताऱ्यांकडून येतात, सगळ्यांत जोरकस कण नेमके कुठून निघतात याचा शोध अजून चालू आहे. हवेवर आपटले की त्यांच्यामुळे नव्या कणांचा पाऊस तयार होतो, आणि त्यातले काही आपल्या तळहातातून जातात. आपल्या डोक्यावरच्या हवेने बाकीचा मारा अडवलेला असतो. म्हणून खाली आपल्याला त्रास नाही. विमानात काम करणाऱ्यांना थोडं जास्त प्रमाण मिळतं, कारण ते सारखे त्या उंचीवर असतात. मोबाईल उशाशी ठेवला काय, फडताळात ठेवला काय, त्याने विश्वकिरणांत रतीभर फरक पडत नाही.

या किरणांचं आपल्या मातीशीही नातं आहे. ते हवेतल्या नायट्रोजनवर काम करून कार्बनचा एक वेगळा प्रकार तयार करतात. झाडं तो श्वासातून घेतात, दाण्यात साठतो. पीक कापलं की नवा येणं थांबतं आणि असलेला झिजत जातो, सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा. म्हणून जुन्या जळक्या दाण्यात किती उरलाय हे मोजलं की तो दाणा कधीचा ते कळतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदकाम केलं, तेव्हा जुन्या शेतकऱ्यांची घरं, चुली, जळालेलं धान्य निघालं. याच रीतीने काळ काढला तेव्हा वस्ती तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी ठरली. त्या घरातली कुणी बाई एका दिवशी धान्य करपवून बसली असेल, आणि त्या करपलेल्या दाण्यांनी काळ सांगितला.

आता ज्यांच्यासाठी आम्ही हा विषय मुद्दाम लांबवला, त्या बायकांकडे येऊ. आतापर्यंत सगळी पुरुषांचीच नावं आली, तुमच्या लक्षात आलं असेल.

व्हिएन्नाच्या त्याच रेडियम संस्थेत मारिएटा ब्लाऊ काम करत होती. जन्म १८९४, ज्यू घराण्यातली. तिने विश्वकिरण पकडायला वेगळीच रीत बसवली. पूर्वी फोटो काढायला काचेवर रसायनाचा लेप दिलेल्या पट्ट्या असत. कण त्या लेपातून गेला की वाटेवर ठिपक्यांची रांग उमटते, पट्टी धुतली की सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तीळ सांडत गेलेल्या पिशवीसारखी. ब्लाऊने हा लेप सुधारला, कुठल्या जातीच्या कणाचा माग कसा दिसतो ते बसवलं. हे काम तिने किती वर्षं केलं, आणि किती पगारावर? बरीच वर्षं बिनपगारी. घरच्यांच्या आधारावर. पगाराची जागा मागितली तेव्हा, बाई आणि त्यात ज्यू, दोन्ही एकदम जमायचं नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं असं सांगतात.

१९३७ साली ब्लाऊ आणि तिची सहकारी हेर्टा वांबाखर यांनी आपल्या काचा इन्सब्रुकजवळ हाफेलेकार नावाच्या डोंगरावर, २,३०० मीटर उंचीवर, हेस यांच्या केंद्रात काही महिने ठेवून दिल्या. परत आणून धुतल्या तर एका ठिकाणी एका ठिपक्यातून चारी बाजूंना रेषा फुटलेल्या. रांगोळीत मधल्या ठिपक्यातून पाकळ्या काढतो तशा. एका विश्वकिरणाने लेपातल्या एका अणूच्या गाभ्याचे तुकडे केले होते, आणि त्याचा फोटो निघाला होता. जगात पहिल्यांदा. त्याला 'तारा' म्हणायला लागले.

पुढच्याच मार्चमध्ये, १९३८ साली, हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. ब्लाऊला देश सोडावा लागला. आधी नॉर्वे, मग आइन्स्टाइन यांच्या खटपटीने मेक्सिको. वाटेत जर्मनीत तिची झडती झाली आणि तिची शास्त्रीय टिपणं काढून घेतली गेली. वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लिहिलेली. आपल्या गटाची दहा वर्षांची वही कुणी हिसकावून नेली तर आपल्याला जे वाटेल, ते धरा. वांबाखर मात्र नाझींच्या बाजूची होती, ती मागे राहिली आणि त्या दोघींच्या कामावर पुढे तिचीच छाप पडली. हेस यांची पत्नी ज्यू वंशाची, म्हणून तेही त्याच वर्षी अमेरिकेला गेले. त्यांना तिथे प्राध्यापकाची जागा मिळाली. ब्लाऊला मेक्सिकोत असं काम करायला साधनंच मिळाली नाहीत.

तिची रीत मात्र थांबली नाही, ती आपल्या देशात येऊन पोचली. कलकत्त्याला बिभा चौधुरी नावाची मुलगी १९३६ साली पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली, वर्गातली एकटी मुलगी. बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर काम करू लागली. दोघांनी फोटोच्या काचा दार्जिलिंगला आणि त्याहून उंच संदकफूला, साडेतीन हजार मीटरच्याही वर, महिनोन् महिने ठेवल्या. मग खाली आणून तासन् तास सूक्ष्मदर्शक. त्यातून त्यांनी एका नव्या कणाचं वजन काढलं, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. 'नेचर' या इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात हे लेख छापून आले. अधिक अचूक वजन काढायला चांगल्या लेपाच्या काचा हव्या होत्या. पण दुसरं महायुद्ध चालू होतं, काचा मिळेनात. काम तिथे अडलं. बुद्धी होती, डोंगर होता, मेहनत होती, काच नव्हती.

युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांना तशा सुधारलेल्या काचा मिळाल्या. १९४७ साली त्यांच्या गटाने पायॉन नावाचा कण शोधला आणि १९५० साली पॉवेल यांना नोबेल मिळालं. ब्लाऊचं नाव श्रोडिंगर यांनी नोबेलसाठी सुचवलं होतं, ते झालं नाही. ब्रिस्टलच्या त्या गटातली एक गोष्ट मात्र आम्हाला फार आवडली. काचा तपासायला तिथे बायका-मुली नेमल्या होत्या. दिवसभर सूक्ष्मदर्शक, दिवसभर ठिपके. आणि एखादा महत्त्वाचा माग ज्या बाईला सापडे, तिचं नाव छापलेल्या फोटोखाली 'निरीक्षण' म्हणून घालत. मारिएटा कुर्ट्झ हे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते त्यामुळेच. पायॉनचे सुरुवातीचे माग जिच्या डोळ्यांना दिसले ती ही. एक ओळ छापायला काही खर्च येत नाही. तरी किती ठिकाणी ती छापलीच जात नाही.

बिभाताई १९४५ साली मँचेस्टरला गेल्या, पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या हाताखाली विश्वकिरणांवरच पीएच.डी. केली. मुंबईत तोवर होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली होती. भाभा स्वतः विश्वकिरणांचेच अभ्यासक. त्यांनी बिभाताईंना बोलावून घेतलं आणि १९४९ साली त्या संस्थेतल्या पहिल्या स्त्री संशोधक झाल्या. सात-आठ वर्षं मुंबईत होत्या. पुढे अहमदाबादला, आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांशीही त्यांचा संबंध आला. खाणीत का, तर वरचा खडक बाकी सगळं अडवतो, आणि फक्त सर्वांत भेदक कण खाली पोचतात. विल्सनचा बोगदा आठवतोय ना? तीच कल्पना, फक्त फार फार खोल.

पॉवेल यांनी आपल्या पुस्तकात बोस आणि चौधुरी यांच्या आधीच्या कामाची दखल घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आपल्या देशात मात्र बिभाताईंना हयातीत एकही मोठा सन्मान मिळाला नाही. १९९१ साली त्या गेल्या, तोवर त्यांचं काम चालू होतं. त्यांच्यावर पहिलं पुस्तक निघालं २०१८ साली. पुढच्या वर्षी जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने प्रत्येक देशाला एकेका ताऱ्याचं नाव ठेवायची संधी दिली, तेव्हा भारताने सुचवलेलं नाव मान्य झालं. सिंह राशीच्या दक्षिणेला असलेल्या त्या ताऱ्याचं नाव आता 'बिभा'. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, दुर्बीण लागते.

गावात शाळेतल्या पोरांना हे सांगायचं असेल तर कंगवा आणि कागदाचे कपटे घेऊन सुरू करा, लगेच रमतात. आणि तो मोबाईलचा निरोप परत आला तर पुढे न पाठवता ज्याने पाठवला त्यालाच विचारा, 'आज रात्री' म्हणजे कुठल्या तारखेची? पुढच्या वेळी साठवणीच्या धान्यातल्या किडीबद्दल बोलू, तुमचे प्रश्न आधी कळवा.